शंभरीला आलेली चिमणी आणि घराचा विमा

५ एप्रिल २०२४ च्या शुक्रवारी सकाळी साडेदहाला काही मिनिटे कमी असताना आमच्या देव्हाऱ्यातली घंटा आपोआप किणकिणली. मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. आधी खुर्ची सरकल्यासारखी वाटली, मग खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि रस्त्यावरून एखादा मोठा ट्रक जात असावा असा विचार मनात येईपर्यंत सगळे थांबलेही. न्यू जर्सीतच व्हाइटहाउस स्टेशनजवळ केंद्र असलेला तो ४.८ तीव्रतेचा भूकंप होता, हे थोड्या वेळाने फोनवर कळले. घरात एक कपसुद्धा फुटला नव्हता, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. दुपारी मागच्या अंगणात गेले, तेव्हा हायड्रेंजियाच्या वाफ्यात अडीच विटा पडलेल्या दिसल्या.

मान वर करून पाहिले, तर छपरातून वर निघालेल्या चिमणीच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांची एक तिरपी भेग गेलेली होती आणि माथ्याचा एक कोपरा उघडा पडला होता. पडलेल्या विटेला चुन्याच्या दर्जेचा, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यात भरलेल्या मालाचा, एक तुकडा चिकटून आला होता. तो मी दोन बोटांत धरला आणि जरासा दाबला, तर त्याची वाळू झाली. पुढे विमा कंपनीच्या पत्रात क्लेम नाकारण्याचे जे दुसरे कारण आले, ते हेच.

रात्री आईला फोनवर हे सांगितले, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर गॅसच्या ओट्यावरची विजेवर चालणारी चिमणी आली, आणि तिच्यात विटा कुठून आल्या हे तिला उमजेना. म्हणून इथे आधी सांगते. आमचे घर १९२६ सालचे आहे. त्याची चिमणी म्हणजे तळघराच्या जमिनीपासून उभी राहून दोन मजले आणि छप्पर भेदून वर गेलेला विटांचा खांबच आहे. त्याच्या पोटात दोन वेगवेगळी धुराडी आहेत. एक दिवाणखान्यातल्या फायरप्लेसचे, जिथे आम्ही थंडीत लाकडे जाळतो, आणि दुसरे तळघरातली घर गरम ठेवणारी भट्टी आणि पाणी तापवायची टाकी यांचे. दोन्ही धुराड्यांना आतून भाजक्या मातीच्या चौकोनी नळ्यांचे अस्तर आहे. त्या काळी या भट्टीत कोळसा जळत असे, नंतर तेल आले, मग गॅस आला. इंधन दोनदा बदलले, धुराडे मात्र तेच राहिले.

घर हलले की अशी चिमणी सर्वांत आधी का दुखावते, हे तिच्या बांधणीकडे पाहिले की लक्षात येते. घर लाकडी सांगाड्याचे असते, ते धक्क्याबरोबर थोडे वाकते आणि पुन्हा सरळ होते. चिमणी मात्र जड, ताठ आणि आत लोखंडी सळ्या नसलेली असते, त्यामुळे छपराच्या रेषेवर, जिथे तिचा आधार संपतो, तिथेच ती मोडते. कॅलिफोर्नियात नापा इथे २०१४ साली ६.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा जुन्या घरांच्या चिमण्या मोठ्या संख्येने कोसळल्या आणि फायरप्लेसचा भाग अंगावर पडून एक मुलगा गंभीर जखमी झाला होता. आमच्या अडीच विटा फुलझाडांवर पडल्या, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

सोमवारी आम्ही विमा कंपनीला कळवले. आठवड्याभरात अॅडजस्टर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा कंपनीचा माणूस, आला. त्याने शिडी लावून फोटो काढले, दर्जेत स्क्रूड्रायव्हरचे टोक घालून पाहिले आणि नम्रपणे निरोप घेतला. तीन आठवड्यांनी नकाराचे पत्र आले. पहिले कारण, भूकंपाने झालेले नुकसान पॉलिसीतून वगळलेले आहे. दुसरे कारण, चिमणीचे सांधे दीर्घकाळच्या झिजेमुळे आधीच निकामी झालेले होते. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यावर असे पत्र हातात पडले की संताप येतो, आणि मलाही आला. पण त्या संतापापायीच मी आयुष्यात पहिल्यांदा आमची पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्या वाचनातून जे समजले ते लिहून ठेवावे असे वाटले, कारण आमच्यासारखी जुनी घरे घेतलेली मराठी कुटुंबे इथे पुष्कळ आहेत, आणि घर घेताना आम्ही सगळेच विम्याच्या कागदांवर फक्त सह्या करतो.

अमेरिकेत स्वतःच्या राहत्या घराला बहुतेक वेळा ज्या प्रकारची पॉलिसी असते, तिला विमा व्यवसायात एचओ-३ म्हणतात. तिची रचना समजली की अर्धा गोंधळ संपतो. घराच्या इमारतीपुरते बोलायचे, तर ती कोणकोणत्या संकटांत पैसे मिळतील याची यादी देत नाही. इमारतीला अचानक झालेले प्रत्यक्ष नुकसान ती भरून देते, आणि जे भरून देणार नाही तेवढेच नाव घेऊन सांगते. घराला जोडलेली चिमणी ही इमारतीचाच भाग धरली जाते. म्हणून वीज पडून चिमणी फुटली, वादळात झाड तिच्यावर कोसळले, गारपिटीने माथा फुटला किंवा धुराड्यात आग लागून आतल्या नळ्या तडकल्या, तर डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण स्वतः सोसायची रक्कम, वजा करून उरलेला खर्च मिळू शकतो. चिमणी शंभर वर्षांची आहे, एवढ्यावरून कोणी नाही म्हणू शकत नाही.

नाही म्हणता येते ते वगळलेल्या गोष्टींच्या यादीवरून. त्या यादीत झीज आणि ऱ्हास आहे, मुळातला छुपा दोष आहे, गंज आणि कूज आहे, घर खचल्याने, आकसल्याने किंवा फुगल्याने पडणाऱ्या भेगा आहेत, पक्षी, उंदीर आणि किडे यांनी केलेले नुकसान आहे. जमिनीच्या हालचालीने झालेले नुकसान वेगळ्या कलमात आहे आणि ते कलम अधिक कडक आहे. या कलमाच्या सुरुवातीलाच म्हटले आहे की वगळलेल्या कारणाबरोबर दुसरे कोणतेही कारण त्याच वेळी किंवा मागेपुढे कोणत्याही क्रमाने येऊन मिळाले, तरी नुकसान वगळलेलेच राहील. याचा अर्थ असा, की भूकंपाने चिमणी खिळखिळी केली आणि दोन महिन्यांनी वाऱ्याने ती पाडली, तरी वाऱ्याचे नाव पुढे करून फारसे काही हाती लागत नाही. अपवाद आहे तो आगीचा. भूकंपामुळे आग लागली, तर त्या आगीने झालेले नुकसान मात्र भरून मिळते.

मग भूकंपाचे वेगळे संरक्षण का घेतले नाही, असे आम्हाला अनेकांनी विचारले. मूळ पॉलिसीला जोडपत्र लावून ते घेता येते हे खरे, पण त्याचा हिशेब मांडून पाहिल्यावर मी गप्प झाले. या जोडपत्रातला डिडक्टिबल ठरावीक रकमेचा नसतो, तो विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत असतो. घराची इमारत पाच लाख डॉलरना विमा उतरवलेली असेल आणि डिडक्टिबल पाच टक्के असेल, तर पहिले पंचवीस हजार डॉलर आपल्या खिशातून जातात. नुसती चिमणी पडली तर तेवढा खर्च सहसा होत नाही. म्हणजे आमच्याकडे ते जोडपत्र असते तरी या अडीच विटांपायी आम्हाला एक डॉलरही मिळाला नसता. शिवाय घराच्या बाहेरून लावलेले विटांचे दर्शनी आवरण प्रचलित जोडपत्रांतून वगळलेले असते. ते संरक्षण सबंध घर कोलमडण्याच्या भीतीपोटी घ्यायचे असते, आणि चिमणीसाठी ते घेण्यात अर्थ नाही.

इथवर आमचे प्रकरण सरळ होते. गुंतागुंत पुढे झाली. दुरुस्तीच्या आधी आम्ही चिमणीवाल्याला बोलावून धुराड्यात कॅमेरा सोडायला लावला. चिमण्या, फायरप्लेस आणि त्यांच्या धुराड्यांसाठी इथे एनएफपीए २११ नावाचे मानक आहे. त्यात तपासणीच्या तीन पातळ्या सांगितल्या आहेत. दरवर्षी करायची ती पहिली. कॅमेरा घालून करायची ती दुसरी, जी घर विकले जाताना किंवा आग, भूकंप असे काही घडल्यावर करायची असते. आणि भिंत वा चिमणीचा भाग फोडून करायची ती तिसरी. २०१९ मध्ये घर घेताना आमच्या होम इन्स्पेक्टरने अहवालात स्पष्ट लिहिले होते की चिमणीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. घरखरेदीच्या त्या धावपळीत आम्ही ती करून घेतली नाही. या एका चुकीची किंमत मला आता पडद्यावर दिसत होती.

फायरप्लेसच्या धुराड्यात खालून वर जाणाऱ्या कॅमेऱ्याने पहिल्या तीन नळ्या शाबूत दाखवल्या. चौथ्या नळीवर उभी, केसासारखी बारीक, पण टोकापर्यंत गेलेली चीर होती. पाचवीवर तशाच दोन होत्या, आणि त्यांच्या कडेला काजळीचा फुगलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र थर चिकटलेला होता. चिमणीवाल्याने तिथे बोट ठेवले. लाकूड नीट जळले नाही की धुरातला डांबरासारखा अंश धुराड्याच्या थंड भिंतीवर साचतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर पेटला की धुराड्याच्या आतले तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते, आणि मातीच्या नळ्या आतून एकदम तापून उभ्या तडकतात. जळून गेलेला क्रिओसोट असा फुगून पोळ्यासारखा दिसतो. त्याच्या मते या चिरा भूकंपाच्या नव्हत्या, त्या कधीतरी लागून गेलेल्या आगीच्या होत्या. अशी आग दर वेळी गर्जना करत येते असे नाही. हवा कमी असेल तर ती आतल्या आत धुमसते आणि घरातल्यांना पत्ताही लागत नाही.

धुराड्यातली आग ही आगच आहे आणि आगीचे नुकसान पॉलिसीत बसते, हे मी तोवर वाचलेले होते. मला एकदम आशा वाटली. त्या संध्याकाळी मंडळातल्या एका काकांना फोन केला. त्यांनी तीस वर्षे इथेच मालमत्तेच्या क्लेमचे काम केले आहे.

"काका, आग असेल तर क्लेम बसतो ना?"

"बसतो. पण अगं, घर किती जुनं आहे हे ते विचारत नाहीत. काय झालं आणि कधी झालं, हे दोनच प्रश्न असतात. काय झालं ते तुझ्याकडे आहे. कधी झालं ते आहे का?"

माझ्याकडे ते नव्हते. नुकसान पॉलिसीच्या मुदतीत झालेले असावे लागते. त्या चिरा आमच्या पाच हिवाळ्यांतल्या एखाद्या रात्रीच्या असतील, किंवा १९७० साली इथे राहणाऱ्या कोणाच्या तरी शेकोटीच्या असतील. घर घेताना कॅमेऱ्याने तपासणी झाली असती आणि त्या वेळच्या फोटोत चौथी-पाचवी नळी शाबूत दिसली असती, तर आग आमच्या काळातली, हे ठामपणे म्हणता आले असते. काकांनी आणखीही सांगितले. घराचे क्लेम क्लू नावाच्या एका सामाईक नोंदवहीत सात वर्षांपर्यंत राहतात, आणि पुढे कंपनी बदलायची झाली तर नवी कंपनी ती नोंद पाहते. तेव्हा जे सिद्ध करता येणार नाही, त्याचा दुसरा क्लेम नोंदवण्याआधी नीट विचार करावा. आम्ही दोघांनी दोन दिवस विचार केला आणि तो क्लेम नोंदवला नाही. तो निर्णय बरोबर होता की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. नवऱ्याचे म्हणणे, निदान विचारायला हवे होते.

मॅसॅच्युसेट्समधल्या माझ्या मैत्रिणीचे घर आमच्याहूनही जुने आहे, आणि तिला पैसे मिळाले. तिच्या धुराड्यात जानेवारीत रात्री नऊ वाजता आग लागली, अग्निशमन दल आले, त्यांच्या अहवालावर तारीख आणि वेळ पडली. ती दर ऑक्टोबरला धुराडे साफ करून घेत असे आणि पावत्या फोटोंसकट जपून ठेवत असे. कंपनीने पाठवलेल्या इंजिनिअरने सुरुवातीला नळ्या वयोमानाने तडकल्या असाव्यात असे लिहिले होते. तिने तीन महिन्यांपूर्वीचे त्याच नळ्यांचे फोटो पुढे ठेवले आणि तो मुद्दा तिथेच संपला.

तिच्या क्लेममधून मला दोन गोष्टी नव्याने कळल्या. एक म्हणजे पैसे दोन टप्प्यांत आले. आधी घसारा, म्हणजे जुनेपणामुळे कमी झालेली किंमत, वजा करून, आणि काम पुरे झाल्याची बिले दिल्यावर उरलेले. जुन्या वस्तूचा घसारा मोठा असतो, त्यामुळे पहिला चेक पाहून खचून जाण्याचे कारण नाही, मात्र उरलेली रक्कम मागण्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते आणि ती चुकवू नये. दुसरी गोष्ट आजच्या बांधकाम नियमांची. चिमणी छपरातून जिथे बाहेर पडते तिथून ती किमान तीन फूट उंच असावी आणि दहा फुटांच्या आतल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा दोन फूट उंच असावी, असा नियम आहे. तिची जुनी चिमणी त्याहून बुटकी होती. ती पुन्हा बांधताना वाढवावी लागली, आणि हा वाढीव खर्च मूळ नुकसानात मोजला जात नाही. त्यासाठी पॉलिसीत नियम आणि कायदा या नावाचे वेगळे संरक्षण असते, जे प्रचलित एचओ-३ मध्ये इमारतीच्या विमा रकमेच्या दहा टक्के असते. जुने घर घेणाऱ्याने हा एक आकडा तरी आपल्या पॉलिसीत शोधून पाहावा, कारण शंभर वर्षांपूर्वीचे काहीही आज जसेच्या तसे पुन्हा बांधता येत नाही.

पॉलिसीतले एक कलम मला रात्री झोप लागेपर्यंत छळत राहिले. इमारत किंवा तिचा भाग अचानक कोसळला आणि त्याचे कारण नजरेआड असलेली कूज किंवा ऱ्हास हे असेल, तर कोसळण्याचे नुकसान मिळते, पण त्या ऱ्हासाची घरमालकाला आधीपासून माहिती नसेल तरच. नुसती कललेली, भेगाळलेली, आज ना उद्या पडेल अशी चिमणी कोसळली असे धरले जात नाही. हे वाचून एका परिचितांनी मला विचारले, की मग तपासणी न करणेच शहाणपणाचे नाही का, कारण अहवाल हातात आला की माहिती नव्हते असे म्हणता येणार नाही. मला हा विचार मुळीच पटत नाही. तडकलेल्या नळीतून गळणारा कार्बन मोनॉक्साइड माणसांना झोपेत मारतो, आणि त्या वासरहित वायूपुढे कोणत्याही क्लेमची किंमत शून्य आहे. पण अहवाल आल्यानंतर दोन वर्षे तो फाइलमध्ये ठेवून द्यायचा नाही, एवढे त्या कलमाने मला नक्की शिकवले.

पाण्याबद्दल थोडक्यात. चिमणी आणि छप्पर जिथे मिळतात, तिथे बसवलेला पत्रा सुटला की पावसाचे पाणी भिंतीत उतरते. आमच्या तळघरात चिमणीच्या विटांना लोणा लागलेला मी पाच वर्षे पाहत होते, पांढरी पूड झाडूने झटकत होते आणि त्याचा अर्थ मात्र समजून घेतला नव्हता. विटेत मुरलेले पाणी थंडीत गोठते, फुगते, पुन्हा वितळते, आणि दर हिवाळ्यात विटेचा एक पापुद्रा सुटतो. ही हळूहळू होणारी झीज आहे आणि तिचे पैसे कोणीही देत नाही. त्या गळतीने अचानक आतले छत खराब झाले, तर छताचे कधी कधी मिळतात, पत्र्याचे आणि दर्जांचे मिळत नाहीत.

आणखी एक सूचना, जुने घर पाहत असलेल्यांसाठी. फार जुन्या घरांना काही वेळा एचओ-३ ऐवजी एचओ-८ प्रकारची पॉलिसी दिली जाते. तिच्यात मोजकीच संकटे नावाने लिहिलेली असतात, आणि दुरुस्ती मूळच्या कारागिरीने करण्याऐवजी आजच्या स्वस्त साहित्याने काम भागेल इतपतच खर्च दिला जातो. हप्ता भरण्याआधी पहिल्या पानावरचा प्रकार वाचावा.

आमची चिमणी शेवटी आम्ही स्वतःच्या पैशाने बांधली. ११,४०० डॉलर लागले. छपराच्या वरचा भाग उतरवून पुन्हा रचला, फायरप्लेसच्या धुराड्यात स्टेनलेस स्टीलची नळी सोडली, माथ्यावर काँक्रीटचा नवा थर दिला आणि वर जाळीची टोपी बसवली. गवंड्याने शाबूत जुन्या विटा वेचून पुन्हा वापरल्या आणि दर्जा भरायला चुन्याचा मऊ माल घेतला, कारण जुन्या मऊ विटांच्या मध्ये कडक सिमेंट भरले की पुढे विटाच फुटतात, असे त्याने समजावून सांगितले. कामाच्या प्रत्येक टप्प्याला मी फोटो काढत होते, ते पाहून तो कौतुकाने थांबून विटा उन्हाकडे वळवून धरत असे. त्या फोटोंची, बिलांची आणि कॅमेऱ्याच्या चित्रणाची एक प्रत घरात आहे आणि एक प्रत काकांच्या सल्ल्यावरून घराबाहेर, ईमेलमध्ये आहे.

पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी मी एजंटला भूकंपाच्या जोडपत्राचा दर विचारला आणि ते घेतले. चिमणीसाठी घेतले नाही, हे मी त्यालाही सांगितले. चिमणीसाठी दर ऑक्टोबरचा पहिला शनिवार कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे, आणि पहिल्या तपासणीत पाचही नळ्यांच्या जागी चकचकीत स्टील दिसले, त्याचा फोटो तारखेसह फाइलमध्ये सर्वांत वर लावला आहे.